खोट्या हंसांची मांडणी

हरभरा घाटे धरू लागला की आमच्या तिगावच्या शिवारात बुजगावणी उभी राहतात. दोन काड्यांची फुली, वर चुना फासलेले फुटके मडके, अंगात कुणाचा तरी टाकून दिलेला सदरा. हिंदी शाळेत जाणारी नातवंडे त्याला 'बिजूका' म्हणतात, मी 'बुजगावणे' म्हणतो. पाखरे मात्र दोन्ही भाषांना फारशी भीत नाहीत. माणसाचा खोटा पुतळा करून पाखरांना दूर ठेवतात, एवढेच मला आयुष्यभर ठाऊक होते. पाखरांचे खोटे पुतळे करून खऱ्या पाखरांना जवळ बोलावण्याचीही एक कला आहे आणि ती फार बारकाईची आहे, हे मला कळले ते माझ्या भाच्यामुळे.

भाचा कॅनडात असतो. मागे दिवाळीला आला तेव्हा त्याने एक छायाचित्र पुढे केले. कापणी झालेले गव्हाचे शेत, पहाटेचे धुके, आणि दीड-दोनशे हंस निवांत चरताहेत. "मामा, यातले खरे किती ते सांगा," तो म्हणाला. मी चष्मा लावून पाहिले. विचारतो आहे म्हणजे काही तरी खोट असणार, म्हणून दहा-बारा खोटे असावेत असा अंदाज केला. तो हसला. त्यात एकही हंस खरा नव्हता. सगळे प्लॅस्टिकचे, शेजाऱ्याने अंधारात उठून मांडलेले. भाचा स्वतः शिकारी नाही, पण त्या शेजाऱ्याबरोबर एक पहाट शेतात पालथा पडून आला होता.

मीही शिकारी नाही. जन्मभर मराठी शिकवले, आणि आता दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचून संपादकांना मत कळवण्याचे काम हौसेने करतो. तरीही त्याने जे सांगितले ते ऐकताना मला वाटत राहिले की हा मनुष्य कथालेखनाविषयीच बोलतो आहे. म्हणून हा लेख.

त्याने सांगितलेली मांडणी आधी सांगतो. हंस उतरतो तो नेहमी वाऱ्याला सामोरा. म्हणून पहिला प्रश्न वाऱ्याचा; तो कळल्याशिवाय एकही पुतळा पिशवीबाहेर काढायचा नाही. मग पुतळ्यांचे थवे करायचे. हंस कुटुंबाने चरतात, म्हणून चार येथे, सहा तेथे, मध्ये काही पावलांचे अंतर. दाटी केली तर घात होतो, कारण खरे हंस भेदरले, उडायच्या बेतात आले, की एकमेकांजवळ सरकतात आणि माना ताठ करतात. वरून पाहणाऱ्या थव्याला ती दाटी म्हणजे 'पळा' अशी खूण वाटते. म्हणून बहुतेक पुतळ्यांची मान खाली, चरण्यात गुंतलेली; राखण करणारे, मान वर केलेले, थोडेच. तोंडे साधारण वाऱ्याकडे असली तरी कवायतीसारखी एका ओळीत नकोत. रंग उन्हात चमकता कामा नये. पुतळ्यावर दव गोठले असेल तर पुसून काढायचे.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोकळी जागा. थव्यांच्या मध्ये मोठी जागा रिकामी ठेवतात. येणाऱ्या हंसांना उतरायला ती हवी असते. नवशिक्याला रिकामी जागा पाहवत नाही, तो तेथेही दोन पुतळे ठोकतो. मग हंस येतात, घिरट्या घालतात आणि निघून जातात.

भाचा शेवटी म्हणाला, "मामा, एकेक पुतळा जवळून पाहिला तर साधाच. शेजाऱ्याकडे काही जुने पुतळे तर नुसते रंगवलेले पत्रे होते. पण मांडणी झाल्यावर मलाच वाटलं, हा सगळा थवा जिवंत आहे."

ही युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेतल्या नेवाडा प्रांतात लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली अकरा बदके सापडली. ती लव्हाळ्याची विणलेली, काही रंगवलेली, तर काहींवर खरी पिसे लावलेली होती. त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे ठरले. पुढे तिकडे लाकडाची बदके कोरणारे कारागीर झाले आणि आज त्यांची कामे संग्रहालयांत मांडलेली असतात. जिवंत पाळीव बदके आणि हंस बांधून रानातल्यांना बोलावण्याची चालही होती. तिच्यावर अमेरिकेत १९३५ मध्ये बंदी आली. लाकूड-प्लॅस्टिकच्या पुतळ्यांवर आली नाही. खोट्याला मुभा आणि खऱ्याला बंदी! हे आधी मला विचित्र वाटले. पण जिवंत पाखराला आपल्याच जातीच्या घातासाठी राबवणे ही वेगळी गोष्ट आहे, हे कायद्याने ओळखले असे मी त्याचा अर्थ लावतो.

आपल्याकडे तो भेद फार पूर्वीच ओळखला गेला होता. पाली जातककथांत तित्तिर जातक नावाची कथा आहे. एक पारधी एका तितराला पकडतो, शिकवतो आणि पिंजऱ्यात घालून रानात नेतो. त्याचा आवाज ऐकून इतर तितर येतात आणि सापडतात. पाली भाषेत अशा पाखराला 'दीपक' म्हणतात. पिंजऱ्यातल्या तितराला वाटते, माझ्यामुळे माझे जातभाई मरताहेत. तो गप्प बसतो. पारधी त्याच्या डोक्यावर बांबू मारतो. वेदनेने तितर ओरडतो, आणि त्या ओरडण्यालाही इतर तितर येतात. पुढे त्याला एक तपस्वी भेटतो, तेव्हा तितर विचारतो : या पापात माझा वाटा किती? तपस्वी सांगतो, तुझ्या मनात तो हेतू नसेल तर पाप तुला लागत नाही. उत्तर दिलासा देणारे आहे. पण मला कथेचे मोठेपण प्रश्नात दिसते. एका पारध्याच्या पिंजऱ्यातल्या पाखराला हा प्रश्न पडू शकतो, असे कुणाला तरी वाटले!

दुसरी एक जातककथा आहे कक्कर नावाच्या पक्ष्याची. तेथे पारधी अंगावर फांद्या बांधून झाड होतो. शहाणा पक्षी म्हणतो, या रानात मी पुष्कळ झाडे पाहिली, पण तुझ्यासारखे चालणारे झाड पाहिले नाही. रानातल्या टीकाकाराचा हा पहिला अभिप्राय म्हणायला हरकत नाही. फांद्या खऱ्या होत्या, पाने खरी होती, झाड तेवढे खोटे होते.

आणि अजिंठ्याला ज्यांनी सतरावे लेणे पाहिले आहे त्यांना हंस जातकाचे चित्र आठवत असेल. त्या कथेत राजाच बनावट करतो. राणीला सुवर्णहंस हवा म्हणून तो सुंदर तळे खोदवतो, येथे कुणा पाखराला भय नाही अशी द्वाही फिरवतो, आणि त्या तळ्यात फास लागतो. म्हणजे अभय हेच आमिष.

तळ्यांवरची आणखी एक युक्ती जुन्या शिकारवर्णनांत येते. रिकामी मडकी पाण्यावर सोडून द्यायची. बदकांना ती ओळखीची झाली की एक दिवस माणूस त्यांतलेच एक मडके डोक्यावर पालथे घालतो, गळाभर पाण्यातून हळूहळू सरकतो आणि बदकाचे पाय धरून त्याला खाली ओढतो. शेतातले मडके पाखराला भिववते आणि तळ्यातले तेच मडके त्याला निर्धास्त करते. मडक्यात काही नसते. ते कुठे आणि किती दिवस ठेवले, यावर सारे अवलंबून.

आता साहित्याकडे वळतो. वास्तववादी लेखन म्हणजे शब्दांच्या पाखरांची मांडणीच असते. कागदावर ना बैल असतो ना विहीर. तरीही वाचक वरून घिरट्या घालत येतो, खालचे चित्र न्याहाळतो, विश्वास बसला तर उतरतो. आपली समीक्षा बहुधा एकेक पुतळा हातात घेऊन पाहते : बोली अस्सल आहे का, तपशील बरोबर आहेत का. ते पाहिलेच पाहिजे. पण वाचक उतरतो तो मांडणीवर आणि मोकळ्या जागेवर, असे मला आता ठामपणे वाटते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. या कादंबरीत वस्तू किती थोड्या आहेत हे पुन्हा वाचताना पाहावे. मेंढरे, माळ, काही झोपड्या, चार-सहा माणसे. माडगूळकर स्वतः चित्रकार होते, शिकारही त्यांना ठाऊक होती. कुठे रेघ काढायची नाही हे दोन्ही धंद्यांत शिकावे लागते. मास्तर वाडीचे स्पष्टीकरण देत बसत नाही. माणसे आपापल्या कामात मान खाली घालून असतात, वाचकाकडे पाहून कुणी उभे राहत नाही. आणि म्हणूनच शेवटी दुष्काळाने वाडी रिकामी होते तेव्हा ते रितेपण आपल्याला लागते. कारण त्या माळावर आपण केव्हाच उतरलेलो असतो.

मारुती चितमपल्ली हे नाव आमच्या भागात घराघरांत आहे. ते २०२५ च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनखात्याच्या नोकरीतली त्यांची पुष्कळ वर्षे विदर्भात, नवेगाव बांधच्या परिसरात गेली. त्यांचे मोठे ऋण असे की माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून, गोंडांकडून, ढिवरांकडून, पारध्यांकडून मिळालेले शब्द त्यांनी त्या त्या माणसाच्या पदरी ठेवून मराठीत आणले. पाखरू कुणी दाखवले हे सांगायला ते विसरत नाहीत. हंसाविषयीच पाहा ना. आपल्या काव्यातला हंस नळाचा निरोप नेतो, मोती टिपतो, दूध आणि पाणी निराळे करतो. हिवाळ्यात नागपूरच्या आसपासच्या तलावांवर येणारा पट्टकादंब हा खरा हंस मात्र दिवसा काठावर पेंगतो आणि अंधार पडला की शेतातला हरभरा आणि गहू खायला येतो. हंस हरभरा खातो हे मराठी गद्याने उच्चारावे, यासाठी चितमपल्लींसारखे रानात राहिलेले लेखक यावे लागले.

तरीही एक तक्रार नोंदवतो, आदराने. त्यांच्या लेखनात डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले अद्भुत हे पुष्कळदा एकाच शांत स्वरात येते. 'निळावंती'च्या वाटेने जाताना वाचकाला कळेनासे होते की या थव्यात जिवंत पाखरू कोणते आणि मांडलेले कोणते. लोककथेला लोककथा म्हणून मोल आहेच. पण अभ्यासकाच्या आवाजात सांगितली की तिच्यावर उन्हात चमक येते, आणि मग शेजारच्या खऱ्या निरीक्षणाविषयीही वाचक शंका घेतो. एवढ्या मोठ्या निरीक्षकाच्या वाट्याला ही शंका यावी, याचे वाईट वाटते.

दुसऱ्यांना बोललो, आता स्वतःचे सांगतो. तरुणपणी मी एक कथा लिहिली होती, फासेपारध्याची. पिंजऱ्यातला पाळीव तितर घेऊन तो रानात जातो, दुपारचे ऊन तळपत असते, तितर आर्त साद घालतो, आणि पारध्याचे डोळे भरून येतात. भाषा चांगली होती असे मला तेव्हा वाटत होते. आमच्या मोठेबाबांना वाचून दाखवली. ते शेतकरी, शाळा चौथीपर्यंत. संपूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाबू, तुह्या गोष्टीतला तितूर भर दुपारी बोलते. उन्हात थो कायले बोलीन? तितूर सकायी बोलते, नाहीतं दिवस बुडता." मी खजील झालो, म्हटले, एवढे बदलतो. मोठेबाबा म्हणाले, "थे बदलशील. पण तुह्या पारध्याले भूक लागत नाही काय? त्याच्या घरी कोन हाय, थे कुठी लेहलं तू?"

वेळ बदलली, भूक मला लिहिता आली नाही. कथा तशीच पेटीत राहिली. १८७१ च्या कायद्याने देशातल्या कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का लोकांच्या मनातून गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. पाखरांसाठी ते आवश्यकच होते, पण ज्यांचे पोट फाश्यावर होते त्यांना दुसरे काम कुणी दिले? हे सारे मला माहीत होते. तरी माझ्या कथेत पारधी कशासाठी होता? वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी मी त्याला तेथे बांधून ठेवला होता. पिंजऱ्यातला तितर तोच होता, आणि बांबू माझ्या हातात होता. तित्तिर जातकातल्या तपस्व्याने त्याला निर्दोष ठरवले असते. मला काय म्हटले असते, याचा विचार मी टाळत आलो आहे.

ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर लिहिली नसती. दर वर्षी सीमाभागातून येणाऱ्या ज्या कथा मी वाचतो, त्यांत मला तीच मांडणी दिसते. १९५६ साली प्रांतरचना झाली, नागपूर तिकडे गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्ही. अशा ठिकाणचा लेखक मराठीत लिहायला बसतो तेव्हा त्याला वाटते, आपण अस्सल मराठी आहोत हे आधी सिद्ध करावे. मग तो पुतळे काढतो. जाते, उखळ, मोट, दमणी, आजीचे नऊवारी, सगळे माना ताठ करून उभे. ज्या घरात जाते पंचवीस वर्षांत फिरले नाही त्या घरातही कथेच्या पहिल्या परिच्छेदात ओवी सुरू होते. इतकी दाटी, इतक्या ताठ माना, की वरून येणारा वाचक सावध होतो. त्याला त्यात भीती दिसते, आणि ती खरीच असते : आपली भाषा आपल्याला सोडून चालली आहे ही भीती. ती मात्र कथेत कुठेच लिहिलेली नसते.

गोटमारीचेच उदाहरण घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत पळस रोवतात, झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. दर वर्षी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. या भागातून आलेल्या दर चार कथांत एक गोटमारीची असते, आणि तिच्यात पळवून आणलेल्या मुलीची आख्यायिका असते, उसळलेली गर्दी असते, रक्त असते. बाहेरच्या वाचकाला आमच्याकडून हेच हवे असते, हे आम्हाला कळले आहे. गोटमारीनंतरच्या तिसऱ्या दिवसावर मी एकही कथा वाचलेली नाही. पाय प्लॅस्टरमध्ये, संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराचे काम पडलेले, नागपूरच्या दवाखान्याचा खर्च कुणाच्या नावावर काढायचा यावरून दोन भावांत अबोला, आणि हा अबोला एक हिंदीत पाळतो, एक मराठीत. त्या घरात वाचक उतरू शकेल. तेथे मोकळी जागा आहे.

मला कुणी विचारेल, खऱ्यासारखी मांडणी एवढी साधली, तरी ती शेवटी फसवणूकच ना? भाच्यालाही मी हे विचारले होते. तो म्हणाला, शेजारी शिकारीचा काळ संपल्यावरही कधीकधी पहाटे जातो, बंदूक घरी ठेवून, नुसता पडून राहतो. हंस अगदी शेजारी उतरतात, त्यांच्या पंखांचा वारा लागतो. मला वाटते, चांगल्या लेखकाचे असेच असते. मांडणी तीच, मेहनत तीच, पहाटेचे उठणे तेच. त्याला काही पाडायचे नसते. जवळून पाहायचे असते, आणि वाचकालाही शेजारी पालथे पडून पाहू द्यायचे असते. लेखकाने बंदूक आणली आहे का, हे ओळखायला वाचकाला फार वेळ लागत नाही. माझ्या कथेत ती मोठेबाबांना एका बैठकीत दिसली.

परवा नातवाला घेऊन पहाटे शेतात गेलो होतो. घाटाची चढण चढणाऱ्या मालगाडीचा घरघराट चिचोंड्याच्या बाजूला विरला आणि धुऱ्यावरून तितर बोलला. नातवाने विचारले, "आबा, ये कौन बोल रहा है?" मी म्हटले, तितूर. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मग विचारले, "तो कुणाला बोलावतो?" ते वाक्य त्याने मराठीत म्हटले होते. मी काही उत्तर दिले नाही. आम्ही दोघे बुजगावण्याच्या शेजारी उभे राहून आणखी एकदा त्याच्या बोलण्याची वाट पाहत राहिलो.